लॉन बोल्सचे क्लब : खेळ, हिरवळ आणि ती राखणारी माणसं

मीनल_मेलबर्न

२ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० ने हरवून सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या गटावर पहिला प्रश्न आला, "हा कुठला खेळ?" नियम नंतर बऱ्याच जणांनी समजावून सांगितले. मला लिहायचंय ते हा खेळ ज्या क्लबांमध्ये वाढला त्या क्लबांबद्दल. मेलबर्नच्या आमच्या उपनगरात असा एक क्लब आहे, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी तिथली सभासद आहे, आणि हे क्लब एकामागून एक बंद पडताना बघून फार वाईट वाटतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात. बारीक कापलेली सपाट हिरवळ, तिला ग्रीन म्हणतात. एका टोकाला छोटी चटई टाकतात. तिच्यावर उभं राहून आधी जॅक नावाचा लहान पांढरा किंवा पिवळा गोळा सोडायचा, तो निदान २३ मीटर तरी गेला पाहिजे. मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आपले मोठे चेंडू जॅकच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. या चेंडूच्या दोन बाजूंची गोलाई मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते, त्यामुळे वेग कमी होऊ लागला की तो एका अंगाला वळत जातो. म्हणजे नेम जॅकवर धरायचाच नाही, जॅकच्या बाजूला बऱ्याच अंतरावर धरायचा आणि चेंडूला त्याच्या वळणाने येऊ द्यायचं. ताकद फारशी लागत नाही. म्हणून सोळा वर्षांची मुलगी आणि ऐंशी वर्षांचे आजोबा एका संघात खेळू शकतात, आणि आजोबा बहुतेक वेळा सरस ठरतात.

इतिहास मोठा आहे. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनच्या जुन्या ग्रीनचा काळ १२९९ पर्यंत मागे नेतात, आणि तिथे आजही खेळ चालतो. तिथली एक स्पर्धा १७७६ पासून चालू आहे. जिंकणाऱ्याला क्लबात 'सर' म्हणतात, मग त्याला पुन्हा त्या स्पर्धेत उतरता येत नाही. हे सगळे 'सर' उंच टोपी आणि शेपटीचा कोट घालून पंच म्हणून ग्रीनवर उभे राहतात.

पण माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात बोलकं पान १५४१ चं आहे. आठव्या हेन्रीच्या राज्यात कायदा झाला की कारागीर, मजूर, शिकाऊ उमेदवार आणि नोकरचाकर यांनी नाताळखेरीज बोल्स खेळायचं नाही. नाताळातसुद्धा खेळायचं ते मालकाच्या घरी, मालकाच्या देखत. वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन असलेल्याला मात्र स्वतःच्या आवारात खेळायचा परवाना मिळे. कारण असं दिलं गेलं की लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून या खेळांच्या नादी लागलेत. हा कायदा १८४५ पर्यंत रद्द झाला नव्हता! कायदा सर्रास मोडला जाई हे उघड आहे, पण ग्रीनवर पाय ठेवायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून या खेळाच्या मागे लागला तो अजून सुटलेला नाही.

तो हक्क मोकळा व्हायला कायद्याइतकीच एका यंत्राने मदत केली. १८३० साली एडविन बडिंग या माणसाने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तो ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळचा, लोकरीच्या गिरण्यांच्या मुलखातला. कापडावरची लव एकसारखी कापणारं यंत्र त्याने गिरणीत पाहिलं आणि तीच युक्ती गवताला लावली. तोवर ग्रीन राखायचं म्हणजे मेंढ्या चरायला सोडायच्या किंवा लांब दांड्याचा कोयता चालवणारे कसबी गडी ठेवायचे. ते जमीनदारालाच परवडे. यंत्र आल्यावर गावच्या नगरपालिकेला, गिरणीमालकाला, चार दुकानदारांनी मिळून काढलेल्या क्लबालाही ग्रीन राखता येऊ लागली.

त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये खेळाला शिस्त आली. तिथला किल्मारनॉकचा क्लब १७४० चा. ग्लासगोमध्ये १८४८-४९ ला सुमारे दोनशे खेळाडू जमले, आणि डब्ल्यू. डब्ल्यू. मिचेल या वकिलाने नियमांची संहिता लिहिली. आजचे नियम त्याच पायावर उभे आहेत. मग स्कॉटिश माणूस जिथे गेला तिथे तो नियम आणि चेंडू घेऊन गेला. ऑस्ट्रेलियातला पहिला नोंदलेला डाव १८४५ चा, टास्मानियात होबार्टजवळ सँडी बे इथल्या एका खानावळीच्या आवारात झाला. म्हणजे इंग्लंडमध्ये तो जुना कायदा रद्द झाला त्याच वर्षी. आमच्या शहरात विंडसर इथला मेलबर्न बोलिंग क्लब १८६४ पासून त्याच जागेवर आहे.

आता मुद्द्यावर येते. हे क्लब नुसत्या खेळावर टिकत नाहीत, ते ग्रीनवरच्या कामावर टिकतात. ग्रीन एक आठवडा सोडून दिली तरी बिघडते. आमचे ग्रीनकीपर सत्तरी ओलांडलेले आहेत. सकाळी उजाडताना ते लांब, लवचिक काठी घेऊन येतात आणि ती हिरवळीवरून अर्धगोल फिरवत चालतात, त्याने दव झडतं आणि गांडुळांनी वर काढलेली माती विखुरते. दव तसंच राहिलं तर बुरशी धरते. मग कापणी, मग रूळ. कापणीची दिशा रोज बदलायची, नाहीतर गवत एका अंगाला झुकतं आणि चेंडू भलतीकडे ओढला जातो. त्यांच्या मागोमाग कोणीतरी ग्रीनभोवतीचा चर साफ करतं, कोणी खुणेच्या पाट्या लावतं, कोणी स्वयंपाकघरात मोठं चहाचं भांडं चालू करतं. सूचनाफलकावर पाळ्यांचा कागद असतो. त्यावर आपलं नाव लिहिलं की दुसऱ्या आठवड्यापासून लोक आपल्याला नावाने हाक मारायला लागतात. मला या देशात शेजार असा मिळाला.

तुमच्या गावात, शहरात असे क्लब असतील तर लिहा. आपल्याकडच्या कोणाला भारतातल्या ग्रीन्सबद्दल माहिती असेल तर तीही हवी आहे.

---

सांगलीचा_सदा

मीनलताई, सुंदर लिहिलंय. लोकरीच्या कापडाची लव कापायच्या यंत्रावरून गवत कापायचं यंत्र, हे माहीतच नव्हतं.

एक शंका. भारतात असे गल्लोगल्ली क्लब नाहीत. मग सुवर्ण जिंकणाऱ्या या चौघी तयार झाल्या कुठे?

---

रांचीकर_कुलकर्णी

सदाभाऊ, याचं उत्तर मी देऊ शकतो, कारण नोकरीनिमित्त बरीच वर्षं रांचीत आहे.

भारतात हा खेळ क्लबातून वर आला नाही, स्पर्धांसाठी बांधलेल्या मैदानांतून आला. इंग्रजांच्या काळापासून कोलकात्यात तो आहे, रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात आजही ग्रीन आहे, पण ते वर्तुळ लहान. खरा बदल झाला तो २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेमुळे. यजमान म्हणून संघ उतरवायचा तर खेळाडू हवेत, आणि खेळाडूंना ग्रीन हवी. दिल्लीत जवाहरलाल नेहरू संकुलात ग्रीन झाली. रांचीत २०११ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यासाठी नामकुमला ग्रीन तयार झाली.

आणि खेळाडू आले ते दुसऱ्या खेळांतून. लवली चौबे धावपटू होत्या, पुढे झारखंड पोलिसात. रूपाराणी तिर्की कबड्डी खेळत. नयनमोनी सैकिया वेटलिफ्टिंग करत, पायाच्या दुखापतीमुळे ते सुटलं आणि त्या इकडे वळल्या. पिंकी दिल्लीत शाळेत क्रीडाशिक्षिका. अंतिम सामन्यात बाराव्या फेरीनंतर १०-१० अशी बरोबरी होती, तिथून पुढचे सगळे गुण आपल्या पोरींनी घेतले. त्याआधी उपांत्य फेरीत न्यूझीलंडला १६-१३ ने हरवलं होतं, आणि न्यूझीलंड म्हणजे ज्या देशात हा खेळ घराघरात माहीत आहे. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या चौकडीलाही रौप्य मिळालं.

मला अभिमान आहेच, पण काळजीही वाटते. मीनलताई म्हणतात तसं रोज सकाळी येऊन ग्रीनची देखभाल करणारी, आपलेपणाने पाळी लावणारी माणसं नसतील तर सरकारी ग्रीन फक्त स्पर्धेपुरती हिरवी राहते. आपल्याकडे खेळाडू आहेत, त्यांच्यामागे क्लब नाहीत.

---

निशिकांत_प

सिडनीत राहतो. धागा चांगला आहे, पण चित्र जरा एकतर्फी झालंय असं वाटतं.

न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ साली नोंदणीकृत क्लबांना पोकी मशीन, म्हणजे नाणं टाकून जुगार खेळायची यंत्रं, ठेवायची कायद्याने परवानगी मिळाली. त्यानंतर कित्येक बोलिंग क्लबांचा जीव त्या यंत्रांत अडकला. इमारती मोठ्या झाल्या, जेवण स्वस्त झालं, गालिचे आले. पैसा मात्र आला तो आजूबाजूच्याच लोकांच्या खिशातून, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्याच खिशातून जास्त. माझ्या ओळखीतलं एक घर या यंत्रांनी पार बुडालं. नवरा "क्लबात जाऊन येतो" म्हणायचा आणि बायकोला बरं वाटायचं, की चांगल्या जागी जातोय.

तेव्हा समाजासाठी काम करणारी जागा म्हणताना हाही हिशोब मांडायला हवा.

---

मीनल_मेलबर्न

निशिकांतजी, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. हा हिशोब मांडलाच पाहिजे. व्हिक्टोरियात ही यंत्रं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आली, त्यामुळे आमच्याकडचे बरेच छोटे क्लब त्यांच्याशिवायच वाढले. आमच्या क्लबात एकही यंत्र नाही. त्याची किंमतही मोजावी लागते, छपराचं काम दोन हिवाळे लांबणीवर पडलंय.

पण मला यातून उलट गोष्ट दिसते. ज्या क्लबांनी यंत्रांचा पैसा घेतला, त्यांना सभासदांच्या हातांची गरज उरली नाही. स्वयंपाकघर ठेकेदाराकडे गेलं, ग्रीन पगारी माणसाकडे, आणि सभासदाचं गिऱ्हाईक झालं. यंत्रांचं उत्पन्न आटलं तेव्हा धावून यायला कोणी उरलंच नव्हतं. सिडनीतल्याच पीटरशॅम बोलिंग क्लबाने यंत्रं काढून टाकली, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम आणि शेजारच्या कुटुंबांना धरलं, आणि तो उभा राहिला. तुम्ही तिकडेच आहात, तुम्हाला जास्त माहीत असेल.

---

निशिकांत_प

हो, पीटरशॅमला गेलोय. शनिवारी लहान मुलं ग्रीनवर अनवाणी खेळत असतात. तिथलं वातावरण खरंच वेगळं आहे. आणि कॅम्परडाउनचा क्लब बंद पडल्यावर त्या जागेवर आता शहरी शेती चालते, भाजीपाला पिकतो. इमारती उभ्या राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

अनवाणी खेळण्याबद्दल इथे लिहायला हवं. जुन्या नियमाप्रमाणे पांढरे कपडे, सपाट तळाचे बूट, टोपी असा सगळा थाट लागे. संध्याकाळी बाहेरच्या लोकांना बूट काढून, साध्या कपड्यांत, थोड्या पैशात खेळू द्यायचं, ही कल्पना ऑस्ट्रेलियात फार रुजली. जुने सभासद आधी नाराज होते. आता कित्येक क्लबांचा वीजबिलाचा खर्च त्याच पैशातून निघतो.

---

ब्रिस्बेनची_वर्षा

गवतावर कोणी काहीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझा विषयच तो आहे.

क्वीन्सलंड आणि सिडनीकडच्या बहुतेक ग्रीन्स ज्या गवताच्या असतात ती आपली हरळीच! गणपतीला ज्या दूर्वा वाहतो ती. इथे टिफड्वार्फ नावाची बुटकी जात जास्त दिसते, ती हरळी आणि तिच्या आफ्रिकेतल्या बहिणीचा संकर आहे. ऊन सोसते, तुडवली तरी पुन्हा उठते, आणि काही मिलिमीटरवर कापली तरी मरत नाही. शेतात जिला उपटून उपटून आपल्या आज्या थकल्या, तिला इथे ग्रीनकीपर दुधावर वाढवल्यासारखं जपतात. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये थंड हवेची वेगळी गवतं असतात.

याचा खेळावर थेट परिणाम होतो. ग्रीनचा वेग सेकंदांत मोजतात: चटईवरून सोडलेला चेंडू २७ मीटरवर जाऊन थांबायला किती वेळ लागतो. ब्रिटनच्या ओलसर, मऊ ग्रीनवर १० ते १२ सेकंद, इकडच्या कडक ग्रीनवर १४ पासून १८ पर्यंत. आकडा जितका मोठा तितकी ग्रीन वेगवान. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण वेगवान ग्रीनवर चेंडू हळूच सोडावा लागतो आणि तो रेंगाळत रेंगाळत जातो, म्हणून वेळ जास्त. शिवाय जितका वेळ चालेल तितका तो जास्त वळतो. ब्रिटनचा खेळाडू इथे आला की सुरुवातीला त्याचे चेंडू सरळ चरात जातात.

मोठ्या दुष्काळात, म्हणजे १९९७ ते २००९ च्या सुमाराच्या वर्षांत, पाण्यावर कडक निर्बंध आले आणि कित्येक क्लबांनी गवत काढून कृत्रिम पृष्ठभाग टाकला. पाणी वाचलं हे चांगलंच झालं. पण रांचीकर काकांनी जे लिहिलंय ते इथेही दिसलं. कृत्रिम ग्रीनला रोज सकाळी कोणी लागत नाही, आणि ज्या क्लबांत सकाळची माणसं यायची थांबली तिथे दुपारची गर्दीही हळूहळू ओसरली.

---

ऑकलंडकर

वर्षाताई, न्यूझीलंडचं राहिलं. आमच्याकडच्या बऱ्याच ग्रीन्स गवताच्या नसतातच. कोटुला नावाची इथलीच जमिनीलगत पसरणारी बारीक पानांची वनस्पती आहे. ती हिरवळीत तण म्हणून आली आणि लोकांच्या लक्षात आलं की तिच्यावर चेंडू फार छान धावतो. मग गवतच काढून टाकलं. ऑकलंडचा क्लब १८६१ चा, देशातला पहिला.

---

अनिरुद्ध_बोल्टन

इंग्लंडच्या उत्तरेकडून प्रतिसाद देतोय. इथे लँकेशायर-यॉर्कशायरकडे जो प्रकार चालतो तो क्राउन ग्रीन. ग्रीन सपाट नसते, मधोमध उंच आणि कडेला उतरती. ठरावीक पट्ट्यात खेळायचं बंधन नाही, अख्ख्या ग्रीनवर कुठूनही कुठेही. जॅकलाही वळण असतं. चढउतार, खड्डा, वारा हे सगळं त्या त्या ग्रीनचं स्वतःचं असतं, त्यामुळे घरच्या ग्रीनवर स्थानिक माणसाला हरवणं महाकठीण.

दक्षिणेकडच्या सपाट ग्रीनवाल्यांची संघटना १९०३ ला निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते क्रिकेटचे डब्ल्यू. जी. ग्रेस. म्हातारपणी क्रिकेट सुटल्यावर ते या खेळात रमले होते. आमच्याकडचा खेळ त्या मंडळींच्या कोटटोपीतला नव्हता. तो पबच्या मागच्या अंगणात वाढला, गिरणी कामगार आणि खाणमजुरांचा, पैज लावून खेळायचा. ब्लॅकपूलच्या वॉटर्लू हॉटेलच्या ग्रीनवरची स्पर्धा १९०७ पासूनची, आणि क्राउन ग्रीनवाल्याला ती जिंकणं म्हणजे आयुष्याचं सार्थक वाटतं.

खाणींच्या गावांबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण माझ्या दृष्टीने क्लबांच्या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. १९२० साली कायद्याने खाणमजूर कल्याण निधी सुरू झाला. खाणीतून निघणाऱ्या दर टन कोळशामागे मालकाने एक पेनी भरायची. त्या पेनीतून गावोगाव सभागृहं, वाचनालयं, अंघोळीची सोय, खेळाची मैदानं झाली, आणि त्यांत बोल्सच्या ग्रीन्स होत्या. चारशे वर्षांपूर्वी ज्या मजुराला कायद्याने खेळायला बंदी होती, त्याच्या पणतूच्या पणतूला कायद्यानेच ग्रीन बांधून दिली. खाणी ऐंशीच्या दशकात बंद झाल्या, सभागृहं पडली, पण काही गावांत ग्रीन अजून आहे. आमच्या शेजारच्या गावात खाणीचं एवढंच उरलंय. फुफ्फुसं गेलेली म्हातारी माणसं तिथे बाकावर बसतात. खेळता येत नाही, पण मोजमाप करायला, कोणाचा चेंडू जवळ यावर वाद घालायला येतात. कोणी दोन दिवस दिसलं नाही की कोणीतरी घरी जाऊन दार वाजवतं.

पबच्या ग्रीन्स मात्र झपाट्याने गेल्या. जमिनीचा भाव वाढला की मालकाला ग्रीनपेक्षा गाड्या लावायची जागा किंवा घरं फायद्याची वाटतात. नगरपालिकांनीही पैसे नाहीत म्हणून ग्रीन्सची देखभाल सोडली किंवा क्लबांवर ढकलली. २०११ च्या कायद्यात एक सोय आहे. गावकऱ्यांनी अर्ज करून एखादी जागा लोकोपयोगी मालमत्ता म्हणून नोंदवून घेतली, तर मालकाला ती विकताना गावाला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते, स्वतः पैसे उभे करून बोली लावायला. विकत घेण्याचा हक्क मिळत नाही, फक्त वेळ मिळतो. पण तेवढ्या वेळातही लोक एकत्र येतात.

---

सांगलीचा_सदा

अनिरुद्धदादा, दार वाजवण्याचं वाचून गलबलून आलं. आमच्या तालमीच्या कट्ट्यावरही अजून हेच चालतं.

---

गिरगावची_माई

लेकीकडे मेलबर्नला दरवर्षी काही महिने असते, तेव्हा या धाग्यावर लिहायला हवंच.

परदेशात लेकीसुनांकडे राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा दिवस कसा जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी सगळे कामाला जातात, गाडी चालवता येत नाही, शेजारी दिसत नाहीत. आमचे हे तर गप्पच झाले होते. लेकीने एका बुधवारी जबरदस्तीने जवळच्या बोलिंग क्लबात नेलं. तिथल्या एका बाईंनी यांच्या हातात चेंडू दिला आणि चेंडूवरचं लहान वर्तुळ आतल्या अंगाला ठेवायचं एवढंच खुणेने सांगितलं. यांना इंग्रजी बोलायचा संकोच, पण या खेळात बोलायला फार लागतच नाही. चेंडू चांगला पडला की सगळे टाळ्या वाजवतात, समोरच्या संघातलेसुद्धा. डाव संपल्यावर हस्तांदोलन आणि चहा. दोन-तीन बुधवारनंतर हे सकाळी स्वतःहून टोपी शोधायला लागले.

मी खेळत नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण स्वयंपाकघरात मदतीला जाते. त्यांचे ते लोणी लावून खायचे स्कोन मी शिकले, त्यांना कांदाभजी शिकवली. आता कार्यक्रम असला की भजी सांगूनच ठेवतात.

मीनल, एक विचारायचं होतं. भिंतीवर मोठ्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत अध्यक्षांची नावं आहेत, जुन्या फळ्यावर सगळी पुरुषांची. बायकांचा फळा वेगळा, आणि तो दाराच्या मागे. असं का?

---

मीनल_मेलबर्न

माई, काकांबद्दल वाचून खूप आनंद झाला. तुमचा प्रश्न अगदी वर्मावरचा आहे.

बायका इथे फार आधीपासून खेळतात. व्हिक्टोरियातल्या स्टॉवेल या सोन्याच्या खाणींच्या गावात १८८१ साली बायका खेळल्याची नोंद आहे. पण क्लब पुरुषांचे. बायकांना पुढे घेतलं ते बहुतेक ठिकाणी सहसभासद म्हणून, म्हणजे वर्गणी भरायची, चहा करायचा, ठरावीक वारी खेळायचं आणि मत द्यायचं नाही. म्हणून बायकांनी आपल्या वेगळ्या संघटना काढल्या. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय संघटना १९४७ ची, इंग्लंडमधली १९३१ ची. तुमच्या क्लबातला दुसरा फळा तिथून आलाय. इंग्लंडमध्ये पुरुष आणि महिलांच्या संघटना एकत्र यायला २००८ उजाडलं. खेळाची पहिली पुरुष जागतिक स्पर्धा १९६६ ला सिडनीत कायीमा इथे झाली, बायकांची तीनच वर्षांनी तिथेच सिडनीत. राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र पुरुष १९३० पासून आणि बायका १९८२ पासून. बावन्न वर्षांचं अंतर!

आमच्या जुन्या सभासद बायका सांगतात की वेगळ्या संघटनांचा एक फायदाही झाला. हिशोब, सभा, सामने, निधी हे सगळं बायकांनी स्वतः चालवलं. घराबाहेर काही चालवायची संधी त्यांच्यातल्या कित्येकींना पहिल्यांदा तिथेच मिळाली. एकत्र आल्यावर काही गावांत पुरुषांच्या समितीने सगळं हातात घेतलं आणि अनुभवी बायका मागे पडल्या. तेव्हा दोन्ही बाजू आहेत.

फळा दाराच्या मागे आहे ते मात्र चूकच. समितीला पत्र लिहा, माई. मसुदा करायला मी मदत करते.

---

गिरगावची_माई

लिहिते. लेकीलाही सही करायला सांगते.

---

पेठकरी

पुण्यातून वाचतोय. निवृत्त माणूस आहे, पुढच्या महिन्यात मुलाकडे मेलबर्नला येतोय. कधी खेळलो नाही. असंच उठून जाता येतं का? काय लागतं? आणि एवढं सगळं वाचल्यावर नुसतं खेळून परत येण्यापेक्षा काही कामाला यावंसं वाटतंय.

---

मीनल_मेलबर्न

काका, नक्की या. आधी फोन करून नवख्यांसाठी कुठला वार आहे ते विचारा. चेंडू क्लबातच मिळतात, वेगवेगळ्या मापांचे असतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि मधली बोटं चेंडूच्या पोटाभोवती जुळली की ते माप आपलं. सपाट तळाचे बूट घाला, टाच असलेले अजिबात चालत नाहीत, ग्रीनला खळगे पडतात. ऊन कडक असतं, टोपी आणा. ग्रीनवर उतरताना कडेवरून उडी मारू नका, पायरी असते तिथूनच उतरा. कोणी चेंडू सोडत असताना हलायचं नाही. एवढं सांभाळलं की बाकी सगळं लोक आपुलकीने शिकवतात.

आणि कामाचं विचारलंत म्हणून सांगते. आमच्या क्लबाच्या जागेचा नगरपालिकेशी केलेला भाडेकरार येत्या वर्षात संपतोय. नूतनीकरणासाठी क्लबाचा परिसराला काय उपयोग होतो ते कागदावर दाखवावं लागतं: किती लोक येतात, कोणत्या वयाचे, कोणत्या भाषेचे, खेळाशिवाय काय काय चालतं. हे कोणी लिहूनच ठेवलेलं नाही. आमच्या सभागृहात गुढीपाडवा होतो, शेजारच्या शाळेची मुलं येतात, स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांचा एक गट गुरुवारी खेळतो, सभासद वारला की त्याच्या घरचे दुखवट्याला इथेच जमतात. दुपारी दोन तास बसून, येणाऱ्यांशी बोलून हे नोंदवणारा माणूस हवा आहे. मराठी, हिंदी बोलणारा असेल तर फारच उत्तम, कारण आसपासची कितीतरी आजीआजोबा मंडळी इंग्रजीतला अर्ज बघूनच मागे फिरतात.

---

पेठकरी

चाळीस वर्षं सरकारी कचेरीत नोंदवह्या लिहिल्यात. हे काम माझं. आल्यावर व्यक्तिगत निरोप पाठवतो.

---

अनिरुद्ध_बोल्टन

मीनलताई, आमच्या इथल्या एका क्लबाने असाच अहवाल केला होता. त्यात नुसती डोकी मोजली नव्हती, स्वयंसेवकांचे तासही मोजले होते. दर आठवड्याला ग्रीन, स्वयंपाकघर, हिशोब, साफसफाई यांवर कोणी किती तास दिले ते एका वहीत. नगरपालिकेला हेच काम पगारी माणसांकडून करून घ्यायला किती खर्च आला असता ते त्यातून दिसलं, आणि भाडं वाढवायचा प्रस्ताव मागे घेतला गेला. ती वही आजपासूनच सुरू करा, करार संपायची वाट बघू नका. तक्त्याचा नमुना हवा असेल तर सांगा, पाठवतो.